सुट्टी तीस दिवसांची, हाडाला हवेत तीन महिने

“सुट्टीत दात बसून जातीन का?”

देऊळघाटच्या ओळखीपाळखीतून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारं कोणी शारजात असतं, कोणी रियाधमध्ये, तर एखादं कुटुंब टोरंटोला. मी दातांची डॉक्टर नाही. माझी पीएचडी टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशी कशा वाढतात यावर चालू आहे. दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू टायटॅनियमचा असतो, एवढाच काय तो संबंध. पण पोरगी ‘दाताच्या स्क्रूवर’ शिकतेय हे गावात एकदा कळलं की प्रश्न थांबत नाहीत.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. काही कामं एका सुट्टीत आरामात होतात. काहींना दोन सुट्ट्या लागतातच, आणि ती ओढूनताणून एका सुट्टीत बसवली तर वाचवलेला पैसा दुप्पट जातो. कुठलं काम कुठल्या गटात येतं हे ठरवतं आपलं हाड. म्हणून आज आधी हाडाचं वेळापत्रक समजून घेऊ आणि मग सुट्टीचं आखू.

स्वस्त परदेश म्हणजे आपलंच गाव

दातांसाठी देश ओलांडणं ही नवी गोष्ट नाही. ऑस्ट्रियातली माणसं कित्येक वर्षं सीमेपलीकडे हंगेरीत जातात. ब्रिटनमधून लोक तुर्कस्तानला जातात. अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेस नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे दातांचे दवाखाने इतके आहेत की त्याला ‘मोलर सिटी’, म्हणजे दाढांचं शहर, असं नावच पडलंय.

बाहेर राहणाऱ्या मराठी माणसासाठी मात्र हा ‘स्वस्त परदेश’ म्हणजे स्वतःचं गाव आणि जवळचं शहर. कारण सोपं आहे. श्रीमंत देशांतल्या सरकारी आरोग्य योजनांनी दात बहुतेक बाहेरच ठेवलेत. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीचं मेडिकेअर १९६५ मध्ये आलं, त्यात दातांची नेहमीची कामं नाहीत. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य कायद्यात हॉस्पिटलात करावी लागणारी दातांची शस्त्रक्रिया सोडली तर दात नाहीत. ब्रिटनची एनएचएस इम्प्लांट अगदी मोजक्या रुग्णांनाच देते. गल्फमध्ये कामगारांच्या साध्या विम्यात सहसा दातांचं तातडीचं कामच बसतं. मग माणूस दुखणाऱ्या दाढेवर गोळ्या घेत राहतो आणि म्हणतो, “गावाकडं गेल्यावर पाहू.”

ह्या ‘पाहू’मध्येच निम्मं नुकसान होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

सशाच्या पायात अडकलेला तुकडा

इम्प्लांटची गोष्ट सुरू होते स्वीडनमध्ये. १९५० च्या दशकात पेर-इंगवार ब्रानेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह कसा असतो हे बघत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण हाडात बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला असं चिकटलं होतं की जणू दोघं एकच झाले होते. शरीर बाहेरची वस्तू ढकलून देतं किंवा तिच्याभोवती मऊ पडदा तयार करतं, असं तोवर धरलेलं होतं. इथे तसं काहीच झालं नव्हतं.

१९६५ मध्ये गोथेनबर्गला गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात पहिले टायटॅनियम इम्प्लांट बसवले गेले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ते इम्प्लांट काम करत होते.

हे कसं होतं? टायटॅनियम हवेला लागलं की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर लगेच तयार होतो. हा थर धातूला गंजू देत नाही, आणि हाड तयार करणाऱ्या पेशींना तो चालतो. त्या त्यावर येऊन बसतात आणि हाडाचं काम सुरू करतात. आता ‘काम सुरू करतात’ म्हटलं की वेळ आलाच.

स्लॅब टाकला, सेंट्रिंग कधी काढायचं?

घराचा स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढतो का आपण? वरून काँक्रीट टणक दिसतं, त्यावर चालताही येतं, तरी मिस्त्री थांबायला सांगतो आणि रोज पाणी मारायला लावतो. जबड्यातही असंच आहे.

इम्प्लांट बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो. पण ही पकड फक्त स्क्रूच्या आट्यांची, लाकडात स्क्रू पिळल्यावर येते तशी. त्याच दिवसापासून शरीर आट्यांना लागलेलं, दाबलं गेलेलं जुनं हाड हळूहळू खाऊन टाकायला लागतं आणि त्या जागी नवं भरायला लागतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कच्चं, विस्कळीत हाड तयार होतं. ते पक्कं व्हायला पुढचे दोन-तीन महिने जातात.

गंमत बघा. जुनी पकड कमी होत असते आणि नवी अजून पुरती आलेली नसते, असा एक काळ मध्ये येतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा कमी घट्ट असतो. रुग्णाला तेव्हा काही दुखत नसतं. सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, त्यामुळे वाटतं की झालं सगळं. नेमक्या ह्याच काळात त्यावर कॅप बसवून शेंगदाणे, सुपारी, मटणाची नळी सुरू केली तर स्क्रू हाडात बारीक-बारीक हलतो. सतत हलणाऱ्या धातूभोवती हाड धरत नाही, तिथे मऊ ऊतक तयार होतं. मग इम्प्लांट सहा महिन्यांनी किंवा वर्षाने हलायला लागतो, आणि तोवर माणूस परत शारजाला पोचलेला असतो.

तीस दिवसांच्या सुट्टीत घाई केली तर कॅप बसते ती नेमकी दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, म्हणजे इम्प्लांट सगळ्यात कच्चा असतो तेव्हा. हा सगळा लेख विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

मग थांबायचं किती? ब्रानेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला ३ महिने आणि वरच्याला ६ महिने, कारण वरचं हाड जास्त पोकळ असतं. नंतर पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेले इम्प्लांट आले. वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि ॲसिडने खरवडून तो खरखरीतपणा आणतात. त्यावर पेशी लवकर आणि जास्त घट्ट बसतात. हाड चांगलं असेल तर अशा इम्प्लांटवर ६ ते ८ आठवड्यांतही दात चढवता येतो. तरीही तीस दिवस कमीच पडतात.

“तीन दिवसांत पक्के दात” म्हणजे?

ही जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. ती पूर्ण खोटी नसते, म्हणूनच नीट समजून घ्यायला हवी.

एका जबड्यातले सगळे दात जाऊन चार किंवा जास्त इम्प्लांट बसवायचे असतील, तर ते सगळे एकाच ब्रिजने एकमेकांना बांधता येतात. बैलगाडीच्या चाकात प्रत्येक आरा एकटा सगळा भार घेत नाही, तसं इथे होतं आणि एकेक इम्प्लांट कमी हलतो. स्क्रू पिळताना पुरेसा जोर लागला, साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास, तर काही दिवसांत त्यावर दात देता येतात. पण बहुतेक वेळा हे दात तात्पुरते असतात. पक्के दात तीन ते सहा महिन्यांनी होतात, आणि तोवर मऊच खायचं असतं.

एकट्यादुकट्या दाढेला अशी बांधायची सोय नसते. म्हणून कोणी तुम्हाला तीन दिवसांचं सांगितलं तर एक साधा प्रश्न विचारा: “हे दात तात्पुरते की कायमचे, आणि कायमच्यासाठी मी परत कधी यायचं?” ह्याचं सरळ उत्तर आलं नाही तर दुसरा दवाखाना बघा.

आणखी एक. तुर्कस्तानहून परतलेल्या ब्रिटिश तरुणांची चर्चा तिकडच्या दंतवैद्यांमध्ये खूप होते. हसू छान दिसावं म्हणून चांगले, निरोगी दात खुंटासारखे कोरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कॅप बसवल्या जातात. एकदा कोरलेला दात परत वाढत नाही. कॅप काही वर्षांनी बदलावी लागते, आणि कोरलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे मरते. ‘एकाच फेरीत सगळे दात’ ह्या पॅकेजमध्ये हा धोका असतो, मग ते इस्तंबूलचं असो की आपल्याकडच्या एखाद्या शहरातलं.

एका सुट्टीत काय होतं, काय नाही

एका सुट्टीत होणारी कामं: दातांची सफाई, सिमेंट भरणं, रूट कॅनल आणि त्यावरची कॅप, दोन बाजूच्या दातांना धरून बसवायचा ब्रिज, दात काढणं. रूट कॅनलला एक ते तीन वेळा जावं लागतं, कॅप लॅबमधून यायला साधारण आठवडा धरा. बसवल्यावर चावताना उंच लागते का हे बघायला आणखी चार दिवस हातात ठेवा.

एका सुट्टीत न होणारी कामं: इम्प्लांट पूर्ण करणं, हाड भरून इम्प्लांट करणं, आणि तारा लावून दात सरळ करणं. तारांना बहुतेकदा दीड-दोन वर्षं लागतात आणि साधारण दर महिन्याला तपासावं लागतं, त्यामुळे ते राहता तिथेच करा.

आणि सगळ्यात स्वस्त इम्प्लांट कुठला म्हणाल, तर स्वतःचा दात. रूट कॅनल करून दात वाचत असेल तर वाचवा. “काढून टाका, स्क्रू बसवू” हा घाईचा सल्ला वाटला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

दोन सुट्ट्यांचा आराखडा

आता गल्फमधल्या माणसाचं वेळापत्रक बघू. यूएईच्या कायद्याप्रमाणे वर्षभर काम झालं की ३० दिवसांची सुट्टी मिळते. सौदीत २१ दिवस, आणि पाच वर्षं झाली की ३०. म्हणजे माणूस साधारण वर्षातून एकदा येतो. दोन सुट्ट्यांत अकरा महिन्यांचं अंतर पडतं ही अडचण वाटते, पण हाडाच्या दृष्टीने ते सोयीचंच आहे.

*निघण्याच्या दोन-तीन महिने आधी:* राहता तिथे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घ्या आणि गावाकडच्या डॉक्टरला पाठवा. सोबत साखरेचा एचबीए१सी रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटसारखी औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा. ह्या दुसऱ्या गटातल्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मात्र कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दाढ वाचणारच नाही असं तिथल्या डॉक्टरने नक्की सांगितलं असेल, तर ती सुट्टीच्या तीन-चार महिने आधी तिथेच काढून घेण्याचा विचार करा. इम्प्लांटच्या मानाने दात काढणं तिथेही स्वस्त पडतं. सुट्टीपर्यंत खड्डा भरून येतो आणि पहिल्याच सुट्टीत इम्प्लांट बसवता येतो. पण काढल्यावर दोन-तीन वर्षं नुसतं बसून राहू नका. दात गेल्यावर त्या जागचं हाड झिजतं. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वर म्हटलेलं ‘गावाकडं गेल्यावर पाहू’ महाग पडतं ते इथे, कारण मग इम्प्लांटआधी हाड भरायचा खर्च आणि आणखी काही महिने वाढतात.

*पहिली सुट्टी, दिवस १ ते ५:* तपासणी, सफाई, गरज असेल तर जबड्याचा थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात. त्यात हाड किती उंच, किती रुंद, नस कुठून जाते हे सगळं दिसतं.

*दिवस ५ ते ७:* इम्प्लांट बसवणं. हे सुट्टीच्या सुरुवातीलाच उरका. लग्नं, भेटीगाठी, शेताची कामं आटपून शेवटच्या तीन दिवसांत दवाखाना गाठणं ही सगळ्यात नेहमी होणारी चूक. काही बिघडलंच तर ते पहिल्या आठवड्यात कळतं, आणि तेव्हा तुम्ही डॉक्टरच्या जवळ असायला हवं.

*दिवस १२ ते १७:* टाके काढणं. दरम्यान बाकीच्या दातांची कामं उरकून घ्या.

*जाण्याआधी:* एक शेवटचा एक्स-रे आणि तपासणी. मोकळ्या जागेसाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात घ्या. तो नसेल तर अकरा महिन्यांत शेजारचे दात जागेत कलतात आणि समोरचा दात खाली उतरतो किंवा वर येतो. मग कॅपला जागाच उरत नाही.

*दुसरी सुट्टी:* हिरडी उघडणं, माप घेणं, कॅप बसवणं, चावणं जुळवणं. दोन-तीन आठवड्यांत होतं.

विमान आणि गालातली पोकळी

वरच्या दाढांची मुळं जिथे संपतात त्याच्या जरा वर, गालाच्या हाडामागे, हवेची एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. विमान आकाशात असताना आतला दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. दाब कमी झाला की कोंडलेली हवा पसरते, आकारमान तब्बल एक-तृतीयांशापर्यंत वाढू शकतं. फुगा डोंगरावर नेला की फुगतो, तसंच.

वरच्या जबड्यात हाड कमी असेल तर सायनसचा तळ उचलून खाली हाड भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. ही शस्त्रक्रिया ताजी असताना विमानात बसणं किंवा जोरात नाक शिंकरणं दोन्ही धोक्याचं. किती दिवस थांबायचं हे डॉक्टरला विचारूनच परतीचं तिकीट काढा, आणि निदान दोन आठवडे तरी मध्ये राहतील असं बघा. अर्धवट सोडलेल्या रूट कॅनलमध्ये किंवा कच्च्या सिमेंटखाली हवा अडकली तरी विमानात दाढ ठणकते. ‘उरलेलं तिकडं गेल्यावर करू’ म्हणून उघडी दाढ घेऊन निघू नका.

घरी आल्यावर

बरं होणं हा उपचाराचाच भाग आहे. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. ती निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. म्हणून पहिला दिवस चूळ खळखळून भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, ते पाहून घाबरू नका. त्यानंतरही ती वाढतच गेली, ताप आला किंवा तोंड उघडेना तर लगेच दवाखान्यात जा.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. मऊ खिचडी, वरण-भात, दही, पहिले दोन दिवस गार-कोमट. चार दिवसांनी ज्वारीची भाकर वरणात कुस्करून. ठेचा आठवडाभर बाजूला राहू द्या.

तंबाखूबद्दल मात्र कठोर बोलावं लागतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, म्हणजे साधारण चौघांत एक. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचे इम्प्लांट न ओढणाऱ्यांपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात निकामी होतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पोचलं नाही की नवं हाड तयार करणाऱ्या पेशींची उपासमार होते. तंबाखूची गोळी तर थेट हिरडीलाच लागून असते. साखरेचंही तसंच. एचबीए१सी ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. पैसे घालण्याआधी ह्या दोन गोष्टींवर तीन महिने काम केलं तर त्याचा उपयोग कुठल्याही महागड्या ब्रँडपेक्षा जास्त होतो.

बाकी सगळं नीट असेल तर आकडे दिलासा देणारे आहेत. दहा वर्षांनी शंभरातले साधारण पंच्याण्णव इम्प्लांट जागेवर असतात.

परत जाताना गोळ्यांकडेही लक्ष द्या. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली वेदनाशामकं यूएईत नियंत्रित औषधांत मोडतात. आधी परवानगी न घेता ती बॅगेत सापडली तर दातापेक्षा मोठं दुखणं होईल. डॉक्टरला आधीच सांगा, “मला परत गल्फला जायचंय, साध्या गोळ्या द्या.” चिठ्ठी सोबत ठेवा.

कुठे जायचं आणि कागद कुठले घ्यायचे

देऊळघाटहून बुलढाणा जवळच आहे, आणि रूट कॅनल, कॅप, दात काढणं ही कामं तिथे होतात. मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे खर्च बराच कमी येतो, पण शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या आणि रांग दोन्ही जास्त. घरच्या माणसांसाठी ही सोय उत्तम. मोजून तीस दिवस घेऊन आलेल्याला मात्र आधी जाऊन विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही.

खासगीत जायचं तर डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी बघा. इम्प्लांट कोण बसवणार, दवाखान्याचे डॉक्टर की बाहेरून येणारे तज्ज्ञ, हेही विचारा. बाहेरचे असतील तर पुढच्या वर्षी ते कुठे भेटतील ते लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे इम्प्लांटचं कार्ड: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. डबीवरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून मागा. जगात इम्प्लांटच्या शेकडो जाती आहेत आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही. उद्या टोरंटोत कॅप सैल झाली आणि कार्ड नसेल, तर तिथला डॉक्टर पाना कुठला लावायचा ह्यातच अडकेल. एक्स-रे आणि स्कॅनच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. पक्कं बिल घ्या. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्यात येतात, तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि बिल नसेल तर बोलायला जागा राहत नाही.

परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी: ओसीआय कार्ड असेल तर उपचारासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ते नसेल तर वैद्यकीय व्हिसाची ऑनलाइन सोय आहे.

शेवटी पैशाचा हिशोब

अमेरिकेत कॅपसकट एका इम्प्लांटला ३ ते ५ हजार डॉलर पडतात, आपल्याकडच्या शहरांत बहुधा २५ ते ५० हजार रुपये. दवाखान्यागणिक आणि ब्रँडगणिक हे बदलतं. आता समजा तिकडे ४,००० डॉलर, डॉलर ८५ रुपयांचा, म्हणजे ३ लाख ४० हजार. इकडे ४० हजार. एका दातामागे ३ लाख वाचले. पण इम्प्लांटला दोन फेऱ्या लागतात. केवळ दातासाठी येणार असाल आणि तिकीट १ लाख १० हजारांचं धरलं, तर २ लाख २० हजार गेले आणि हातात ८० हजार उरले. त्यात बिनपगारी रजा धरली तर तेही गेले. तीन दातांचं काम असेल तर वाचलेले ९ लाख आणि तिकिटं तेवढीच, म्हणजे यायला अर्थ आहे.

जो माणूस वर्षातून एकदा घरी येणारच आहे, त्याचं तिकीट ह्या हिशोबात धरायचंच नाही. म्हणून खरा फायदा गल्फमधल्या त्या कामगाराचा आहे. फक्त त्याने काम दोन सुट्ट्यांत वाटायला हवं, आणि पहिल्या सुट्टीत स्क्रू बसला की कॅपसाठी डॉक्टरच्या मागे लागायचं नाही.

तर, सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी एक्स-रे काढा, डॉक्टरला पाठवा, आणि “किती पैसे?” याच्याआधी “किती फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांत किती महिने?” हे विचारा. उत्तर आलं की मग तिकीट बुक करा.